श्वासयंत्रासह विमानप्रवास

घोरणें हा आपल्या घरांतून थट्टेचा विषय असतो. आजोबा घोरूं लागले कीं मुलें हंसतात. परंतु घोरतां घोरतां आवाज एकाएकीं बंद पडावा, कांहीं क्षण शांतता व्हावी आणि मग दचकून मोठा श्वास घेतला जावा, असें रात्रभर होत असेल, तर तो रोग होय. त्यास स्लीप अॅप्निया म्हणतात. निद्रेंत घशांतील स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ थांबतो, रक्तांतील प्राणवायु कमी होतो व मेंदू मनुष्यास अर्धवट जागें करतो. अशा रोग्यास दिवसा झोप येते, रक्तदाब वाढतो व हृदयावर ताण पडतो. फेब्रुवारी २०२२ मध्यें संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईस निवर्तले, तेव्हां डॉक्टरांनीं याच रोगाचें नांव सांगितलें होतें.

यावरील यंत्र सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं १९८१ सालीं जगापुढें मांडलें. त्यास सी-पॅप म्हणतात. सायकलची ट्यूब रिकामी असतां चपटी पडते, हवा भरली कीं गोल राहते. त्याचप्रमाणें हें यंत्र नळी व मुखवटा यांतून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवतें. मात्र तें रोग समूळ घालवीत नाहीं. चष्मा काढतांच जसें पुनः अंधुक दिसतें, तसा यंत्र सोडल्यावर रोग परत येतो. म्हणून “दोनच रात्रींचा प्रश्न, यंत्र कशास न्यावें?” असें म्हणणें हितावह नव्हे.

वर्ध्याहून नागपूरच्या विमानतळावर जाणाऱ्यांनीं पहिली गोष्ट ही लक्षांत ठेवावी, कीं यंत्र आपल्या हातांत असावें. मोठ्या सामानाबरोबर दिल्यास तें फुटण्याची वा भलतीकडे जाण्याची भीति असते. कित्येक कंपन्या हें वैद्यकीय साधन मानून त्याचें वजन हिशेबांत धरीत नाहींत. पण आगाऊ विचारावें. डॉक्टरांचें पत्र जवळ ठेवावें व त्यांत दाबाचा आंकडा लिहून घ्यावा. यंत्रास पाण्याची डबी असल्यास ती रिकामी करावी. नाहींतर पाणी आंत शिरून यंत्र बिघडतें.

रात्रीच्या लांब प्रवासांत यंत्र वापरावयाचें असेल तर कंपनीची परवानगी घ्यावी. विमानांतील विजेवर भिस्त ठेवूं नये. लिथियमची सुटी बॅटरी हातांतील सामानांतच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंत ती सहसा चालते, १०० ते १६० पर्यंत कंपनीची संमति लागते. परदेशीं विजेचा दाब निराळा असतो. अॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असें लिहिलें असल्यास केवळ तेथील खुंट्यांचा प्लग पुरतो.

विमानांतील हवा सुमारें ८,००० फूट उंचीवरील हवेइतकी विरळ असूं शकते. म्हणजे चिखलदऱ्याच्या दुपटीहून अधिक उंची. म्हणून अशा रोग्यानें प्रवासांत मद्य टाळावें, आणि झोपेची गोळी डॉक्टरांस विचारल्याविना घेऊं नये; दोहोंमुळें घसा अधिकच सैल पडतो.

विद्यार्थिमित्रहो, पुष्कळ वडीलधारी माणसें केवळ संकोचानें यंत्र घरीं ठेवून जातात. चारचौघांत तें तपासणीस काढावें लागेल, लोक काय म्हणतील, असें त्यांना वाटतें. तुम्ही बरोबर असाल तर ती पिशवी स्वतः उचला आणि अधिकाऱ्यानें विचारल्यास हें काय आहे तें न लाजतां सांगा. आणि घरांत कोणी घोरतांना अडखळत असेल, तर हंसूं नका. आईवडिलांस सांगून त्यांना डॉक्टरांकडे न्या.