हिंगणीच्या डीपीपासून कोराडीच्या धुराड्यापर्यंत

वीजव्यवस्थेची क्षेत्रभेट म्हणजे विजेच्या वाटेने उलटे चालत जाणे. घरातल्या बटणापासून गल्लीतल्या खांबापर्यंत, खांबापासून उपकेंद्रापर्यंत आणि शेवटी कोळसा जळतो तिथपर्यंत. बहुतेक शाळांच्या सहली मात्र थेट वीजकेंद्रावर जाऊन थांबतात. एवढे अवाढव्य यंत्र एकदम समोर आले की डोळे दिपतात, पण त्याचा आपल्या घरातल्या दिव्याशी काय संबंध, हे उमगत नाही. म्हणून सुरुवात गावातून करणेच योग्य.

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले हिंगणी हे बोर धरणाजवळचे, बोर व्याघ्र प्रकल्पालगतचे गाव त्यासाठी सोयीचे आहे. इथून नागपूर जवळ आणि वर्धा तर जिल्ह्याचेच ठिकाण. हातांनी काम करत, पाहत शिकण्याचा विचारही याच जिल्ह्यात रुजला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी वर्ध्यात मगन संग्रहालय सुरू झाले. निघण्यापूर्वी मुलांना राज्याचा वीजइतिहासही थोडक्यात सांगावा: १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र, १९६० मध्ये राज्य वीज मंडळ आणि २००५ मध्ये त्या मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या.

पहिला धडा गावातल्या डीपीपाशी, म्हणजे वितरण रोहित्रापाशी. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तीन तारा तिथे येतात आणि ४३३ व्होल्टच्या चार तारा बाहेर पडतात. ही चौथी तार कुठून आली, हा प्रश्न कुंपणाबाहेर उभे राहून विचारावा आणि त्याचे उत्तर लाईनमनकडून घ्यावे. ही चौथी तार, म्हणजे न्यूट्रल, काय असते, हे त्याच्याइतके सोपे करून क्वचितच कोणी सांगते.

खरा खजिना मात्र शेतशिवारातून जाणाऱ्या उच्चदाब लाईनच्या टॉवरवर असतो, आणि तो पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. तारेला टॉवरपासून दूर धरणाऱ्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या चकत्या मोजाव्यात. सुमारे नऊ-दहा असतील तर लाईन १३२ केव्हीची, तेरा-चौदा असतील तर २२० ची आणि तेवीसच्या आसपास असतील तर ४०० केव्हीची. कोरड्या हवेत इतक्या चकत्या लागल्या नसत्या. पण धूळ बसते, तिच्यावर दव पडते आणि त्या ओलसर थरावरून वीज सरपटत टॉवरकडे जाऊ पाहते. चकतीच्या खालच्या बाजूच्या वळ्या तिची ही वाट लांबवतात. अलीकडे पॉलिमरचे अखंड इन्सुलेटर बसवले जातात. तिथे चकत्यांचा हिशोब लागू पडत नाही, मग तारा मोजाव्यात. ४०० केव्हीला एका फेजसाठी बहुधा दोन किंवा चार तारा शेजारी शेजारी जातात, ७६५ केव्हीला चार किंवा सहा. या जुडीचे कारण फार सुंदर आहे. एकट्या बारीक तारेभोवतीचे विद्युतक्षेत्र इतके तीव्र होते की हवाच विद्युतभारित होऊ लागते. जुडी केली की ती विजेच्या दृष्टीने एका जाड तारेसारखी वागते आणि ही गळती आटोक्यात राहते. तरीही पावसाळी सकाळी अशा लाईनखालून जाताना चरचर ऐकू येते. टॉवरच्या माथ्यावरची तार आकाशातल्या विजेपासून रक्षण करते, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्याच पोटात प्रकाशतंतू असतात, ज्यांतून उपकेंद्रांचे संदेश धावतात.

एवढा दाब कशासाठी, हे वर्गात फळ्यावर मांडता येते. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा लागतो आणि तार तापून होणारा तोटा चौथाईवर येतो. त्याच तारेतून तीच शक्ती ११ ऐवजी ७६५ केव्हीने नेली, तर तोटा जवळपास ४८०० पट घटतो. हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवावे आणि मगच उपकेंद्राच्या फाटकात पाऊल टाकावे.

वर्धा जिल्ह्यात पॉवरग्रिड या पारेषण कंपनीचे ७६५ केव्हीचे उपकेंद्र आहे. रायपूर, सिवनी, निझामाबाद आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) या दिशांच्या उच्चदाब लाईन त्याला जोडलेल्या आहेत. कोळसा छत्तीसगड-विदर्भात आणि मोठी मागणी पश्चिमेला-दक्षिणेला, त्यामुळे वर्धा हा विजेचा चौक बनला. वर्धा-औरंगाबाद लाईन तर पुढे १२०० केव्हीपर्यंत नेता येईल अशी बांधली गेली. अशा ठिकाणी जाण्यासाठी शाळेचे पत्र, विद्यार्थ्यांची यादी, बंद बूट आणि हेल्मेट आवश्यक. छायाचित्रे घ्यायची नाहीत. आत पायांखालची खडीसुद्धा विचारण्यासारखी असते: दोष उद्भवल्यास जमिनीतून पायांत शिरणारा प्रवाह ती रोखते, गवत वाढू देत नाही आणि सांडलेले तेल पसरू देत नाही. रोहित्राच्या काचेच्या नळीतले निळे सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी होते. रोहित्राची घरघर मूळ १०० हर्ट्झची असते, कारण गाभ्याचे लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणले जाते.

मग नागपूरजवळचे कोराडीचे औष्णिक वीजकेंद्र. तिथले ६६० मेगावॉटचे तीन संच, मिनिटाला ३००० फेरे घेणारी टर्बाइन आणि पिठासारखा दळलेला कोळसा यांची वर्णने पाठ्यपुस्तकात सापडतात. पाहण्यासारखी खरी गोष्ट पाण्याची आहे. नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होते आणि रोज १३ कोटी लिटर क्षमतेच्या त्या प्रकल्पाचे पाणी कोराडीला वाफ थंड करण्यासाठी पोचते. सहलीत भांडेवाडी आणि कोराडी जोडीनेच असावीत. शहर आणि वीज यांचे देणेघेणे याहून स्पष्ट दुसरीकडे दिसणार नाही.

नागपुरातच अंबाझरीला महापारेषणचे भारप्रेषण केंद्र आहे. वीज साठवून ठेवणे अजून महाग पडते, म्हणून मागणी आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळवावी लागते. वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली घसरली की मागणी जास्त झाली असे समजावे. ही व्यवस्था कोलमडली तर काय होते, ते ३१ जुलै २०१२ रोजी दिसले: उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताच्या ग्रिड (एकमेकांशी जोडलेली वीजजाळी) कोसळल्या, ६० कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशावर परिणाम झाला. पश्चिमेची ग्रिड मात्र टिकली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर लाईनने दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेली.

सुरक्षेचा धडा हिंगणीच्या मुलांना वेगळा द्यावा लागतो. शेताला रात्रीच्या पाळीत वीज मिळाली की ओलितासाठी अंधारात, जंगलाच्या कडेने जावे लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट इथे म्हणूनच जिव्हाळ्याचे आहे. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला प्रवाह त्याहून घातक. ब्रह्मपुरी परिसरातून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण २०१७ च्या ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यातच अशा कुंपणाला लागून मेली. आकडा टाकणे, ओल्या हाताने स्टार्टर दाबणे, तुटलेल्या तारेजवळ जाणे या गोष्टींचे धोके लाईनमनने डीपीसमोर उभे राहूनच समजवावेत.

भेटीला पावसाळ्यानंतरचे, परीक्षेआधीचे दिवस बरे. गट वीस-पंचवीस जणांचा असावा, म्हणजे घरघरीतही माहिती सांगणाऱ्याचा आवाज पोचतो. परतल्यावर प्रत्येकाने घरच्या मीटरची नोंद आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी घ्यावी. १००० वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट, या हिशोबाने पंखा, मोटर, फ्रिज यांचा वाटा काढावा आणि तो बिलाशी ताडून पाहावा.