सॉफ्टवेअरची स्वयंचलित चाचणी : वेग आणि विश्वासार्हता

वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५६ व्या बैठकीत ३ सप्टेंबर २०२५ रोजी करदरांच्या फेररचनेचा निर्णय झाला. बहुतांश वस्तूंसाठी नवे दर २२ सप्टेंबरपासून अमलात आले. दरम्यानच्या अवघ्या १९ दिवसांत देशभरातील दुकाने, वितरक आणि कारखाने यांच्या बिल तयार करणाऱ्या संगणकप्रणालींत बदल करणे क्रमप्राप्त होते. नवा दर लिहिणे सोपे असते. मात्र एक ओळ बदलताना दुसरीकडे काही बिघडले नाही ना, याची खात्री करणे अवघड असते. स्वयंचलित चाचणीचे महत्त्व येथेच स्पष्ट होते.

पद्धतीतील बदल

पूर्वी सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने तयार होत असे. प्रथम गरजांची नोंद, नंतर आराखडा, मग आज्ञावलीचे लेखन आणि सर्वांत शेवटी चाचणी, असा हा क्रम होता. साहजिकच आरंभी झालेली चूक कित्येक महिन्यांनी उघड होई. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ तज्ज्ञांनी एकत्र येऊन 'ॲजाइल' जाहीरनामा मांडला. काम लहान भागांत विभागून थोड्या थोड्या आठवड्यांनी वापरण्याजोगे सॉफ्टवेअर द्यावे, हे त्याचे एक प्रमुख सूत्र होय. परंतु दर वेळी संपूर्ण प्रणाली माणसांकरवी तपासणे वेळ व खर्च या दोन्ही दृष्टींनी अशक्य ठरते. म्हणून चाचणीही आज्ञावलीच्याच रूपात लिहिली जाऊ लागली. केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये विकसित केलेल्या 'जेयुनिट' या साधनाने ही पद्धत सर्वदूर पोहोचवली.

कार्यपद्धती

सर्व अभियंते आपली आज्ञावली एका सामाईक भांडारात जमा करतात. नवा बदल येताच एक स्वतंत्र संगणक ती उचलतो, तिची जुळणी करतो, सर्व चाचण्या चालवतो आणि निकाल कळवतो. एक जरी चाचणी फसली तरी तो बदल रोखता येतो. या पद्धतीस 'कंटिन्युअस इंटिग्रेशन', म्हणजे सातत्यपूर्ण एकत्रीकरण, असे म्हणतात. 'जेनकिन्स' हे त्यासाठीचे एक प्रचलित मुक्त सॉफ्टवेअर आहे.

सिमेंटचे उदाहरण पाहू. त्यावरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. १,००० रुपयांच्या सिमेंटवर आता १८० रुपये कर यावा, ही पहिली चाचणी. विक्री राज्यांतर्गत असल्यास केंद्र व राज्य यांना प्रत्येकी ९० रुपये दाखवले जावेत, ही दुसरी. २१ सप्टेंबरला विकून बिल दिलेला माल नंतर परत आल्यास जुन्या दराने, म्हणजे २८० रुपयेच वजा व्हावेत, ही तिसरी. घाईत नेमकी ही तिसरी बाब नजरेतून सुटते. ती एकदा लिहून ठेवली की पुढील प्रत्येक बदलानंतर आपोआप तपासली जाते.

अर्थशास्त्रीय बाजू

दोष जितका उशिरा सापडतो तितका तो महाग पडतो. लिहिताना सापडलेली चूक काही मिनिटांत सुधारते. तीच बाजारात गेल्यास हजारो चुकीची बिले, दुरुस्त विवरणपत्रे आणि ग्राहकांच्या तक्रारी असा तिचा विस्तार होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या २००२ मधील अहवालानुसार अपुऱ्या चाचणीमुळे त्या देशाच्या अर्थव्यवस्थेला दरवर्षी सुमारे ५९.५ अब्ज डॉलरची झळ बसत होती. उल्लेखनीय बाब अशी की, त्यातील निम्म्याहून अधिक भार सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांवर पडत होता.

मर्यादा

यंत्र तेवढेच तपासते जेवढे माणसाने त्याला विचारायला सांगितले आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अद्यतनामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तपासणी करणाऱ्या आज्ञावलीतच दोष असल्याने सदोष मजकूर योग्य ठरला आणि तो टप्प्याटप्प्याने न देता एकाच वेळी सर्वत्र पाठवला गेला, असे नंतर स्पष्ट झाले. म्हणजेच चाचणीला मर्यादित वितरणाची आणि मानवी विवेकाची जोड आवश्यक असते.

भारतापुढील प्रश्न

या क्षेत्रातील संशोधनाची परंपरा महाराष्ट्रात आहे. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व आरेखन केंद्राने आज्ञावलीतील दोष शोधणाऱ्या साधनांवर काम केले आहे. शासकीय स्तरावर इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे 'एसटीक्यूसी' संचालनालय चाचणी व प्रमाणीकरण करते. तथापि प्रमाणपत्र सॉफ्टवेअरच्या एका विशिष्ट आवृत्तीला मिळते, तर आज प्रणाली वारंवार बदलतात. त्यामुळे सार्वजनिक पैशातून सॉफ्टवेअर घेताना मूळ आज्ञावलीबरोबर तिचा चाचणीसंचही हस्तांतरित व्हावा, अशी अट करारात असणे हिताचे ठरेल. तसे झाल्यास कंत्राटदार बदलला तरी प्रणालीची विश्वासार्हता टिकेल आणि शिधापत्रिका, निवृत्तिवेतन वा शिष्यवृत्तीसाठी तिच्यावर विसंबणाऱ्या नागरिकाला अभियंत्याच्या घाईची किंमत मोजावी लागणार नाही.