महाड-पोलादपूरचा कातळ आणि त्याच्या आश्रयाचीं माणसें

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतून एका दिवसाची सफर योजावयाची असेल, तर श्रोत्यांनीं बरोबर तेथीलच एखादा वाटाड्या घ्यावा. दुरून पाहणाराला हे डोंगर सारखेच वाटतात. त्यांतील भेद गुराख्याला आणि कातकऱ्याला पायांनीं कळलेला असतो.

हा सारा मुलूख एका काळ्या दगडाचा. सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तप्त रस वारंवार वाहिला आणि त्याचे थरावर थर बसले. कांहीं थर घट्ट, कांहीं सच्छिद्र. मध्यें कोठें कोठें तांबड्या मातीचा पट्टाही सांपडतो. पावसाचें पाणी वरच्या भेगांत मुरतें, घट्ट थरावर अडतें आणि बाजूनें झरा होऊन बाहेर पडतें. घट्ट थराचा कडा होतो, मऊ थराची उतरती पायरी. माणूस वसतो तो या पायरीवर.

सकाळीं महाडनजीकचीं गांधारपाल्याचीं लेणीं पाहावीं. तीं बौद्ध भिक्षूंसाठीं छिन्नीनें कोरलेलीं. नंतर वरंध घाटाच्या बाजूस शिवथरघळ पाहावी, ती निसर्गनिर्मित. रामदासस्वामींनीं येथें ‘दासबोध’ रचला अशी भाविकांची श्रद्धा आहे. दोन्ही स्थळें एकाच दिवशीं पाहिलीं म्हणजे माणसानें पोखरलेला कातळ आणि निसर्गानें पोखरलेला कातळ यांतला फरक निराळा सांगावा लागत नाहीं.

डोंगराच्या पायऱ्यांवर गवळी धनगरांचे वाडे आहेत. जनावरांना चारा आणि जवळ झरा, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांची जागा ठरली. सखल भागांत कातकरीवाड्या. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. परंतु इंग्रजी अमदानींत जंगलें राखीव झालीं आणि तो धंदा हातचा गेला. पुढें कोळसा पाडणें, वीटभट्टीवर राबणें हेंच नशिबीं आलें. दिवाळीनंतर अनेक कुटुंबें भट्ट्यांवर जातात तीं पावसाच्या तोंडावर परततात. सफरीचा उत्तम काळ नेमका हाच! तेव्हां वाडी ओस दिसली तर लोक आळशी किंवा उदासीन आहेत असें कोणीं समजूं नये. आणि घरीं असलेल्यांच्या अंगणांत विचारल्यावांचून शिरूं नये, हें सांगावयास लागूं नये, पण लागतें.

ज्या पायरीनें पाणी दिलें, तीच पायरी घातही करते. उतारावरची सुटी माती अतिवृष्टीनें भिजून जड होते आणि खालच्या कातळावरून घसरते. जुलै 2005 मध्यें दासगांव व जुई येथें असेंच घडलें. 22 जुलै 2021 रोजीं तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व सुतारवाडी येथेंही दरडी आल्या. जमिनीला नवी भेग पडणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें, झाडें कलणें या खुणा वाटाड्यानें दाखवून द्याव्या. ऐन आषाढांत मात्र ही सफर नकोच.

घरें खालीं हलवावीं, असें सुचविणें सोपें आहे. खालीं चारा कोठला, आणि जमीन कोणाच्या नांवाची? या प्रश्नांचें उत्तर मिळाल्यावांचून धनगर वाडा सोडीत नाहीं.

सायंकाळीं पोलादपुराहून आंबेनळी घाटाच्या वळणावर थांबून मागें पाहिलें, तर डोंगराच्या पायऱ्या एकीवर एक स्पष्ट दिसतात, आणि मधल्या एखाद्या पायरीवर चुलीचा धूर. चैत्र-वैशाखांत तेथला झरा करंगळीएवढा होतो. एक हंडा भरावयास बायकांना खडकाशीं बसून राहावें लागतें.