जाहिरातींचे तण आणि ब्राउझरची निवड



कपाशीत तण माजले की आपण तणाला शिव्या देत बसत नाही. डवरा जुंपतो. हल्ली आपल्या हातातील मोबाइलवरही तण माजले आहे. ते जाहिरातींचे आहे. बाजारभाव पाहावा तर मध्येच एक चौकट उगवते, हवामान पाहावे तर अर्धा पडदा झाकला जातो. हे तण नुसते डोळ्यांना त्रास देऊन थांबत नाही, ते पीकही खाते. कसे खाते, ते आधी सांगतो.

देवळीकडचे एक कास्तकार एकदा माझ्याकडे आले. हातात छापून आणलेली पावती होती. त्यांनी मोबाइलवर सौर पंपाचा अर्ज शोधला होता. यादीत सर्वांत वर जे नाव दिसले, त्यावर त्यांनी बोट ठेवले. अर्ज भरला, नोंदणी फी म्हणून पैसे पाठवले. पावतीवर राजमुद्राही होती. मला म्हणाले, "साहेब, पावती त हाये, मंग पंप कधी येते जी?" पावती पाहताच माझ्या लक्षात आले की पंप येणार नाही. यादीत सर्वांत वर दिसलेले ते नाव सरकारी संकेतस्थळाचे नव्हते, ती पैसे देऊन वर चढवलेली जाहिरात होती. बियाण्यासाठी राखून ठेवलेले पैसे त्या जाहिरातीने खाल्ले.

असे घडणारे ते एकटेच नव्हेत. पीएम-कुसुम योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून नोंदणी फी उकळली जाते, असा इशारा केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वारंवार दिला आहे.

ब्राउझर म्हणजे काय?

आपण इंटरनेटवर ज्या खिडकीतून पाहतो, तिला ब्राउझर म्हणतात. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचा क्रोम हा ब्राउझर आधीच घातलेला असतो, म्हणून तोच वापरायचा असे अनेकांना वाटते. तसे बंधन मुळीच नाही. फायरफॉक्स, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट, ऑपेरा असे अनेक ब्राउझर फुकट मिळतात.

फोनमध्ये आधीच काय घातलेले असावे, हा प्रश्न आपल्या देशात चांगलाच गाजला आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणांवरून गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर आपली अ‍ॅप्स एकगठ्ठा लादणे योग्य नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, आयोगाचे काही आदेश मात्र रद्द केले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल काहीही लागो, फोन विकत घेतला म्हणजे त्यातली खिडकी बदलण्याचा अधिकार आपला आहे, एवढे लक्षात ठेवावे.

कागदावरची जाहिरात आणि फोनवरची जाहिरात

तुम्ही म्हणाल, जाहिराती तर साप्ताहिकांतही येतात. खरे आहे. पण कागदावरची जाहिरात सर्वांना सारखी दिसते, आणि ती छापणारा कोण हे ठाऊक असते. खोटी निघाली तर जाब विचारायला दार असते. फोनवरची जाहिरात तशी नाही. तुम्ही काय शोधले, कोणत्या पानावर किती वेळ थांबलात, कोणत्या गावाच्या आसपास आहात, याचा माग काढून ती तुमच्यापुढे ठेवली जाते. शेजाऱ्याला दिसते ती तुम्हाला दिसत नाही. संकेतस्थळाच्या मालकालाही कित्येकदा ठाऊक नसते की आपल्या पानावर या क्षणी कोणाची जाहिरात लागली आहे. शिवाय ती आपलाच डेटा खाते, आणि वावरात रेंज कमी असेल तर पान उघडता उघडत नाही.

अडवणूक कशी चालते, आणि वाद कशाचा?

जाहिराती अडवणाऱ्या छोट्या जोडप्रोग्रॅमला अ‍ॅड ब्लॉकर म्हणतात. तो ब्राउझरला जोडावा लागतो. त्यांत यूब्लॉक ओरिजिन हा फार नावाजलेला आहे. रेमंड हिल या गृहस्थांनी तो तयार केला. तो फुकट आहे, आणि त्याची रचना कोणालाही तपासता येते.

आता वाद समजून घेऊ. समजा, तुमच्या वावराच्या फाटकावर तुमचा राखणदार उभा आहे. येणारी प्रत्येक गाडी तो थांबवतो, आत डोकावतो आणि नको असलेली परत पाठवतो. जुन्या पद्धतीचे अ‍ॅड ब्लॉकर असे काम करीत. गूगलने क्रोमसाठी 'मॅनिफेस्ट व्ही-३' नावाची नवी नियमावली आणली. तिच्याप्रमाणे राखणदाराने फाटकावर उभे राहायचे नाही. कोणत्या गाड्या अडवायच्या याची यादी त्याने आधी लिहून द्यायची, यादीलाही मर्यादा, आणि फाटकावर माणूस ब्राउझरचा. जून २०२४ पासून जुने जोडप्रोग्रॅम बंद करण्यास सुरुवात झाली. २०२५ च्या मध्यापर्यंत संगणकावरील क्रोममध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन चालेनासा झाला. त्याची 'लाइट' नावाची हलकी आवृत्ती तेवढी चालते.

गूगलचे म्हणणे असे की, राखणदाराच्या वेषात चोरही शिरतात, म्हणून सुरक्षिततेसाठी हा बदल केला. त्यात तथ्य आहे. वाईट हेतूचे जोडप्रोग्रॅम लोकांची माहिती चोरतात, हे खोटे नाही. पण दुसरी बाजूही पाहावी. गूगलच्या मूळ कंपनीच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग जाहिरातींतून येतो. ज्याचे पोट जाहिरातींवर चालते, त्याच्याच हाती जाहिराती अडवण्याचे फाटक असावे का, हा टीकाकारांचा सवाल आहे. अडत्याच्याच काट्यावर माल मोजताना आपण जसे डोळे उघडे ठेवतो, तसेच येथेही ठेवावेत.

मग निवडावे काय?

वरील बदल संगणकावरचा आहे. आपण बहुतेक जण फोनच वापरतो, आणि अँड्रॉइड फोनवरील क्रोमला असे जोडप्रोग्रॅम जोडताच येत नाहीत. तेव्हा आपल्यापुढे साधारण तीन वाटा आहेत.

पहिली वाट फायरफॉक्सची. मोझिला ही संस्था तो चालवते. अँड्रॉइड फोनवरही त्याला मूळ यूब्लॉक ओरिजिन जोडता येतो. प्ले स्टोअरमधून फायरफॉक्स घ्यावा, त्यातील तीन ठिपक्यांवर बोट ठेवून 'एक्स्टेन्शन्स' उघडावे आणि तेथील यादीतून यूब्लॉक ओरिजिन जोडावा. नावात 'ओरिजिन' हा शब्द आहे ना, हे नीट पाहावे, कारण मिळत्याजुळत्या नावांचे प्रोग्रॅम आहेत. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्साही शोधयंत्राच्या करारापोटी गूगलकडूनच येतो.

दुसरी वाट ब्रेव्हची. त्यात अडवणूक मुळातच असते, वेगळे काही जोडावे लागत नाही. ज्यांना मांडामांड नको, त्यांना हा सोपा. ही कंपनी स्वतःच्या जाहिरातींची एक योजना चालवते, पण तीत सामील होणे न होणे आपल्या इच्छेवर आहे.

तिसरी वाट, आहे त्यातच सुधारणा. सॅमसंगच्या फोनवर सॅमसंग इंटरनेट असेल, तर त्याला जाहिराती अडवणारे अ‍ॅप जोडता येते.

क्रोम काढून टाकावा का? तशी गरज नाही. धोक्याच्या पानांबद्दल इशारा देण्याची सोय त्यात आहे, तशी ती फायरफॉक्समध्येही आहे. शिवाय काही सरकारी अर्ज किंवा पैसे भरण्याची पाने अडवणूक चालू असताना अडकतात. अशा वेळी त्या एका संकेतस्थळापुरती अडवणूक बंद करावी किंवा तेवढे काम क्रोममध्ये करावे. घरात वखरही असतो आणि डवराही असतो. ज्या कामाला जे अवजार, ते बाहेर काढावे. माझा सल्ला विचाराल तर शोधाशोध, बाजारभाव व वाचन यांसाठी अडवणूक असलेला ब्राउझर ठेवावा, आणि फोनच्या सेटिंगमध्ये तोच मुख्य ब्राउझर म्हणून लावून घ्यावा.

डवरणीनंतर निंदण

डवरा ओळींमधले तण काढतो, झाडाच्या बुडाशी असलेले राहते. ते हातानेच निंदावे लागते. अ‍ॅड ब्लॉकरचेही तसेच आहे. फेसबुक वा यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये येणाऱ्या जाहिराती ब्राउझरला अडवता येत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी योजनेच्या नावाने एपीके फाइल पाठवली, तर तीही त्याच्या हाती नाही. शोधयादीतील जाहिरात प्रत्येक वेळी अडवली जाईलच असेही नाही. म्हणून चार गोष्टी हाताने कराव्यात.

एक. शोधयादीत नावाजवळ 'प्रायोजित' किंवा 'स्पॉन्सर्ड' लिहिले असेल, तर ती जाहिरात समजावी आणि खाली सरकावे.

दोन. पत्ता वाचावा. केंद्राच्या व राज्याच्या बहुतेक संकेतस्थळांचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' या अक्षरांनी संपतो. पीएम-किसान, महाडीबीटी, पीक विमा, महाभूमीचा सातबारा ही सर्व त्यांत येतात. 'जीओव्ही' ही अक्षरे मध्येच कोठेतरी असून उपयोग नाही. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी नाव ज्या अक्षरांनी संपते, ती पाहावीत. याला अपवादही आहेत. महावितरणचे संकेतस्थळ 'महाडिस्कॉम डॉट इन' या नावाने आहे. शंका वाटल्यास कृषी सहायक, तलाठी किंवा महावितरणच्या कार्यालयात विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

तीन. मेसेजमधून आलेली एपीके फाइल उघडू नये, मग ती पाठवणारा घरचा असला तरी. पुष्कळदा त्याचाच फोन आधी फसलेला असतो.

चार. बियाणे व औषधे फोनवरच्या जाहिरातीवर विसंबून मागवू नयेत. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्रेत्याला परवाना लागतो. परवानाधारकाकडून पक्के बिल घ्यावे, पिशवीवरचे लेबल जपून ठेवावे. उगवण झाली नाही तर तक्रारीला तोच आधार असतो.

एवढे करूनही फसवणूक झाली तर लाज बाळगून गप्प बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे मध्येच रोखले जाण्याची शक्यता जास्त. देवळीकडच्या त्या कास्तकारांनी आठवडाभर घरीही सांगितले नव्हते. तो आठवडा महागात पडला.

फुकटाची किंमत

शेवटी एक गोष्ट आपल्या मनाशी बोलण्याची. सगळ्यांनीच जाहिराती अडवल्या, तर बातम्या लिहिणाऱ्यांचे, हवामान सांगणाऱ्यांचे पोट कसे चालायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्याला परिचित असलेल्या माणसाने देऊन ठेवले आहे. १९३६ मध्ये सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींनी त्याआधी 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन' ही पत्रे जाहिराती न घेता चालवली होती. आत्मकथेत त्यांनी ते सांगितले आहे. पत्र वाचकाच्या वर्गणीवर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता.

तो मार्ग सर्वांना जमेल असे नाही. पण जे वाचून आपला फायदा होतो, त्याची वर्गणी जमेल तशी भरावी. ज्या संकेतस्थळाच्या जाहिराती साध्या आणि सभ्य असतील, त्याच्यापुरती अडवणूक उघडी ठेवावी. तण काढताना आपण पऱ्हाटी उपटत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा आज संध्याकाळी काम आटोपल्यावर, घरातील शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला जवळ बसवून एवढे काम करून घ्यावे. दुसरा ब्राउझर घ्यावा, अडवणूक लावावी आणि महाडीबीटी, पीएम-किसान, सातबारा यांचे खरे पत्ते तपासून त्यात खूण करून ठेवावेत. म्हणजे पुढच्या वेळी शोधायची गरजच पडणार नाही. आजीआजोबांच्या फोनलाही तेच करावे, कारण फसवणारे आधी त्यांनाच गाठतात. अर्ध्या तासाचे काम आहे. पेरणीच्या पैशाला त्याने कुंपण बसते.