केशवरावांचे नाट्यगृह पुन्हा उभे राहताना...

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कोल्हापूरकर कधीच विसरणार नाहीत. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि पाहता पाहता रंगमंच, छत, खुर्च्या सारे भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती! ज्या वास्तूत त्यांना अभिवादन करायचे, तिथे राख उरली होती. वयोवृद्ध कलावंतांनाही अश्रू आवरेनात.

हे दुःख केवळ एका इमारतीचे नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारले आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर सुरू केले. कुस्ती आणि नाटक, महाराजांची दोन्ही प्रेमे शेजारी शेजारी नांदू लागली. पुढे या थिएटरला कोल्हापूरच्याच सुपुत्राचे नाव मिळाले. १९०८ मध्ये 'ललितकलादर्श' स्थापन करणारे केशवराव १९२१ च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान'मध्ये उभे राहिले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले.

आगीनंतर नाट्यगृह पूर्वीच्याच रूपात उभारायचे ठरले. हा निर्णय योग्यच. पण सोपा नाही. आगीत तापलेला दगड बाहेरून धड दिसला तरी आतून कमकुवत झालेला असू शकतो. म्हणून प्रत्येक भिंतीचा कस आधी पाहावा लागतो. शिवाय जुन्या नाट्यगृहांचे वैभव म्हणजे लाकूड आणि कापडी पडदे. आगीला तेच सर्वांत आधी बळी पडतात! तेव्हा रूप जुने ठेवूनही वायरिंग, पडदे, पाण्याची सोय आणि बाहेर पडण्याचे मार्ग आजच्या काळाचे हवेत. भिंतीवरची नक्षी पाहायला येणाऱ्यांना ही कामे दिसणार नाहीत, पण प्रेक्षकांचे प्राण त्यांवरच अवलंबून असतात.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. या रंगमंचावर नामवंतांइतकेच हौशी कलावंतही वाढले. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालीम करणाऱ्यांनी राज्य नाट्य स्पर्धेची नाटके इथेच रंगवली. वास्तू देखणी झाली आणि भाडे मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर गेले, तर काय उपयोग?

महाराजांनी नाट्यगृह बांधले आणि कलावंतांना आश्रयही दिला. दगड-विटांबरोबर हा आश्रयही परत मिळाला, तरच तिसऱ्या घंटेला खरा अर्थ येईल.