अकराव्या वर्षीची नोंद

ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९९७ पासून लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांवर पोलिसांकडे नोंद करण्याचं बंधन आलं. नाव, जन्मतारीख आणि पत्ता चौदा दिवसांत कळवायचा, घर बदललं की पुन्हा कळवायचं. पत्र पाठवलं तरी भागत असे.

जुलै २००० मध्ये ससेक्समध्ये आठ वर्षांच्या एका मुलीचा खून झाला आणि देश हादरला. खुनी आधीपासूनच त्या नोंदीत होता, हे पुढे उघड झालं. चौदा दिवसांचे तीन दिवस झाले, आणि पहिली नोंद स्वतः ठाण्यात जाऊन करणं सक्तीचं झालं. २००३ च्या कायद्याने दर वर्षीची हजेरीही त्यात घातली. हे सारं मला रास्त वाटतं. मुलांना जपण्यासाठी पोलिसांना माणसाचा ठावठिकाणा माहीत हवाच.

पण इंग्लंडमध्ये दहा वर्षांचं मूलही फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरू शकतं, आणि ही नोंद त्यालाही लागू होते. अठराच्या आतल्यांसाठी मुदत निम्मी केली होती: मोठ्याला दहा वर्षं, तर मुलाला पाच. न्यायालय हे बंधन पालकावरही टाकू शकतं. मग माहिती आई किंवा वडिलांनी द्यायची, आणि मुलाला ठाण्यात सोबत न्यायचं. मुलाच्या वयाचा इथवर विचार होता. शिक्षा तीस महिने किंवा त्याहून जास्त असेल, तर मात्र नोंद बेमुदत. तिथे निम्मं कसलं करणार?

या नियमात अकराव्या वर्षी गंभीर गुन्हा केलेला एक मुलगा सापडला. शिक्षा बरोबर तीस महिन्यांची, म्हणजे नोंद मरेपर्यंत. गुन्हा भयंकरच होता, बळी त्याच्याहूनही लहान होता. तरी अकराव्या वर्षीचा मुलगा चाळिशीतही तितकाच धोकादायक असेल का, हे कुणी तपासून पाहायचंच नाही, ही तरतूद मला अन्यायाची वाटते.

२१ एप्रिल २०१० रोजी त्याच्या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमकं तेच म्हटलं. आयुष्यभराची नोंद एकवेळ चालेल, पण फेरविचाराची सोयच नसणं हे खासगी आयुष्याच्या हक्काशी विसंगत आहे. संसदेचा कायदा रद्द करण्याचा अधिकार तिथल्या न्यायालयाला नाही, त्यामुळे दुरुस्ती सरकारवर आली. पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत संताप व्यक्त केला, आणि सरकारने हात आखडूनच बदल केला.

जुलै २०१२ पासून मोठ्यांना पंधरा, तर अल्पवयीन असताना दोषी ठरलेल्यांना आठ वर्षांनी फेरविचाराचा अर्ज करता येतो. आधी पोलीस ठरवतात, नकार आला तर मॅजिस्ट्रेटकडे अपील. ही आठ वर्षं मोजायची ती सुटकेनंतरच्या पहिल्या नोंदीपासून. म्हणजे तेराव्या वर्षी सुटलेल्या मुलाला पहिला अर्ज करायला एकविसावं उजाडतं. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी हे सगळं तोवर या नोंदीखालीच होतं. मुलांसाठी ही मुदत अजून कमी हवी होती.