डॉक्टर रखमाबाई

रखमाबाईंचे नाव काढले की जाणत्या माणसाला पहिल्याने आठवतो तो खटला. आठवावाच, पण पुष्कळांची आठवण तिथेच थांबते. खटला चालला चार वर्षे आणि डॉक्टरकी चालली सुमारे पस्तीस वर्षे, हा हिशेब आपण सहसा मांडीत नाही.

तेव्हा खटला आधी उरकून घेऊ. रखमाबाईंचा जन्म मुंबईचा, १८६४ सालचा. वडील लवकर वारले. आईने पुनर्विवाह केला तो डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी. हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत, वनस्पतींचे मोठे जाणकार. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले, पण त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. घरी राहिल्या, पुस्तके वाचीत राहिल्या. १८८४ साली दादाजींनी फिर्याद केली की, बायको माझ्या स्वाधीन करा. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये ती फेटाळली. असला दावा हिंदू धर्मशास्त्रातला नाही, तो विलायती कायद्यातून इकडे आला, असे त्यांचे म्हणणे. अपिलात हा निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी कळवले, तुरुंग पत्करला! केसरीने त्यांच्यावर कडाडून टीका केली. दुसऱ्या बाजूला त्यांच्या वतीने कोर्टात उभे राहणाऱ्यांत काशीनाथ त्र्यंबक तेलंग होते. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि तुरुंग टळला. (नांदायला लावण्याचा हा दावा मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून पुन्हा आला, आणि तो आजही आहे. फरक इतकाच, की त्यापायी बायकोला कैदेत घालता येत नाही.)

आता पाहा, अशा वेळी दुसरे कोणी असते तर दार लावून बसले असते. रखमाबाई १८८९ साली बोटीत बसल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक शाळेत दाखल झाल्या. त्यांना धीर देणाऱ्यांत कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची होत्या. या पीचीबाईंची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १८७० साली एडिंबरोला त्या आणि त्यांच्या मैत्रिणी शरीरशास्त्राच्या परीक्षेला निघाल्या, तेव्हा दारात जमलेल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर चिखल फेकला होता, आणि पदवी तर त्यांना मिळालीच नाही. त्याच स्कॉटलंडच्या वैद्यक परीक्षा देऊन १८९४ साली रखमाबाई डॉक्टर झाल्या.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ सालीच अमेरिकेत डॉक्टर झाल्या होत्या. पण वर्षाच्या आत पुण्यात त्यांचा अंत झाला, रोगी तपासायचे राहूनच गेले. रखमाबाईंच्या वाट्याला ते तपासणे आले, आणि मुंबईत नव्हे, सुरतेला.

सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात त्या प्रमुख झाल्या. हे काम कसले होते हे समजायला त्या वेळची बाळंतिणीची खोली डोळ्यांपुढे आणा. अंधारी, दारे-खिडक्या बंद, आत शेगडीचा धूर. सुईण येणार ती हाताला लागेल त्या विळीने किंवा चाकूने नाळ कापणार. त्यातून धनुर्वात व्हायचा आणि आठवड्याभरात मूल जायचे. लोक म्हणायचे, बाहेरची बाधा! खरे पाहता उपाय साधा होता. उकळलेले पाणी, धुतलेले हात, जंतुनाशकात बुडवलेली कात्री. पण उपाय ठाऊक असणे वेगळे आणि पडद्यातल्या बाईला इस्पितळाच्या पायरीवर आणणे वेगळे. पुरुष डॉक्टराने नाडी बघायची तीही पडद्याआडून, अशी घरे होती. जिवावर बेतले तरी बाई दाखवायची नाही. अशा घरांत बाई-डॉक्टरला आत घेत. ती नऊवारीत आलेली, आपल्यासारखी बोलणारी असली तर आणखीच बरे. मला वाटते, रखमाबाईंच्या विद्येइतकाच याचाही उपयोग झाला असला पाहिजे. पुढे प्लेगाची आणि दुष्काळाची वर्षे आली, तीही त्यांनी गुजरातेत काढली.

१९०४ साली दादाजी वारले. तडजोड झाली होती ती पैशांची. काडीमोड झालाच नव्हता. त्यानंतर रखमाबाई विधवेचे पांढरे लुगडे नेसू लागल्या. ज्या लग्नाला त्यांनी जन्मभर लग्न मानले नाही, त्याचे वैधव्य त्यांनी का पत्करले? कोणी म्हणेल रूढी, कोणी म्हणेल रोग्यांच्या घरचा विश्वास जपायला. वाचकांनी आपापले ठरवावे.

पुढे सुरत सोडून त्या राजकोटच्या जनाना इस्पितळात गेल्या. तिथे रेडक्रॉसचे कामही त्यांनी उभे केले. १९२९ च्या सुमारास नोकरीतून मोकळ्या झाल्या, तेव्हा वय होते पासष्ट. त्याच साली त्यांनी एक पुस्तिका छापली. विषय : पडदा बंद का झाला पाहिजे. पडद्याआडची आजारी बाई इतकी वर्षे जवळून पाहिलेल्या डॉक्टरने ती लिहिली होती. २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईत त्या वारल्या, नव्वदी पार करून.